नऊ टोप्या आणि एक चप्पल

आमच्या सोसायटीतल्या मुलांच्या डाव्या पायात संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळात चप्पल नसते. बोरीवली पूर्वेला आमच्या गल्लीतला भाजीवाला, इस्त्रीवाला, गार्डनचा वॉचमन, सगळ्यांना हे माहीत आहे. एका पायात चप्पल घातलेलं पोर रस्त्यावर दिसलं की कुणी चौकशी करत बसत नाही. उचलतात आणि गार्डनमधल्या तिसऱ्या बाकावर नेऊन देतात. तिथे नलिनीमावशी मांडीवर बाजाराची पिशवी घेऊन बसलेली असते. पिशवीत चपला असतात.

नलिनी शरच्चंद्र घाडीगावकर, वय सत्तरच्या आसपास. कणकवलीच्या आतल्या कुठल्याशा वाडीतून लग्न होऊन लालबागला आली. नवरा गिरणीत होता. गिरणी गेली तेव्हा तो एका इस्पितळात वॉचमन झाला आणि दोघं बोरीवलीच्या चाळीत आली. चाळीच्या जागी आमचा अठरा मजल्यांचा टॉवर झाला, त्यात मावशीला दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. त्या घरात शरच्चंद्रकाका जेमतेम दीड वर्ष राहिले आणि गेले. मुलगा सिद्धेश बायकापोरांसकट मस्कतला असतो. रविवारी फोनवर नातवंडांची तोंडं दिसतात, बाकी सहा दिवस मावशी आणि भिंती.

तेव्हा तिने आमची मुलं उचलली. कुणी तिला नेमलं नव्हतं. आधी शेजारच्या घरातली अक्षता, मग तिच्या मैत्रिणी, मग आमची पाच वर्षांची राधा. माझी बायको दीप्ती अंधेरीहून साडेसातला घरी येते, मी त्याहून उशिरा. त्यामुळे संध्याकाळी लिफ्टचा दरवाजा उघडून "चला रे मेल्यांनू" अशी हाक आली की आमच्यासारखे आईबाप मनातल्या मनात मावशीच्या पाया पडायचे. पैशांचं नाव काढलेलं तिला खपायचं नाही.

फक्त एक भानगड होती. मावशी मुलं मोजायची नाही. मुलं मोजली की त्यांना दृष्ट लागते, ही तिच्या माहेरची शिकवण. दुसऱ्या कुणी मोजली तरी ती कानांवर हात ठेवायची. म्हणे, मागे एकदा जनगणनेवाल्या बाईंनी दारात विचारलं, घरात माणसं किती? मावशी म्हणाली, "माणसां काय आंबे असत मोजूक? नावां सांगतंय, लिवून घेवा. आकडो तुमचो तुम्ही घाला." बाईंनी बिचाऱ्यांनी नावं लिहिली आणि जिन्यात जाऊन मोजली.

आता न मोजता पोरं सांभाळायची कशी? तर गार्डनमध्ये शिरताना प्रत्येकाची डावी चप्पल काढून पिशवीत टाकायची. एका चपलेवर पोर फार लांब जात नाही, हा पहिला फायदा. निघताना नाव घेऊन प्रत्येकाची चप्पल परत करायची. पिशवी रिकामी झाली की सगळे आले. एखादी उरली की तेवढं पोर कुठेतरी आहे, ते शोधायचं. आकडा कुठेच येत नाही. चार वर्षं हे असं चाललं होतं आणि चार वर्षांत एकही पोर हरवलं नव्हतं.

आणि तरी ते बंद करायला मी निघालो होतो.

मी सुबोध. भिवंडीच्या एका मोठ्या गोदामात स्टॉकचा हिशेब माझ्याकडे आहे. चाळीस हजार खोकी, प्रत्येकावर नंबर, महिन्यातून दोनदा मोजणी. एक खोकं कमी भरलं तर मला झोप लागत नाही. अशा माणसाला सोसायटीने सुरक्षा उपसमितीचा प्रमुख केलं, मग काय होणार? त्यात नव्याने राहायला आलेल्या कल्पिताने ग्रुपवर तक्रार टाकली की तिच्या सुयोगचा पाय गार्डनमध्ये शेणात पडला. फोटो टाकला. डावाच पाय होता. खाली सत्तावीस मेसेज. कुणी लिहिलं, हे कुठलं शतक आहे. कुणी लिहिलं, मुलांना जंत होतील. ज्यांची मुलं चार वर्षं मावशीने फुकट सांभाळली, त्यांनीही खाली होकाराचे अंगठे टाकले. त्यांत माझाही अंगठा होता, खोटं कशाला बोलू.

मी नोटिशीचा मसुदा केला. मुलांची पादत्राणे काढून घेण्यास सक्त मनाई. यापुढे मुलांना नंबर असलेल्या टोप्या देण्यात येतील आणि ठरावीक अंतराने मोजणी होईल. मोजणीस नकार देणाऱ्या व्यक्तीकडे मुलांचा ताबा देऊ नये. शेवटचं वाक्य मला फारच झकास वाटलं होतं. रविवारच्या मीटिंगमध्ये ते पास करायचं ठरलं.

शुक्रवारी मावशी आमच्या दारात उभी राहिली. आत या म्हटलं तरी आली नाही.

"माझी पोरां बंद करतलंस?"

"बंद नाही मावशी. फक्त पद्धत बदलायची. तुम्ही मोजायला तयार असाल तर..."

"मोजूचा नाय म्हंजे नाय." मग खालच्या आवाजात, "पोरां नसली तर सांजेक मी काय करू रे झिला? भिंतीर डोक्या आपटू?"

मला वाईट वाटलं. वाईट वाटूनही मी म्हणालो, "उद्या जत्रेत टोप्यांची ट्रायल घेऊया. तुम्हीच बघा किती सोपं आहे."

शनिवारी आमच्याकडच्या मैदानावर मालवणी जत्रा होती. दरवर्षी मावशी मुलांना घेऊन जाते, या वेळी ट्रायलसाठी मीही गेलो. दीप्ती घरी तापाने झोपली होती. नऊ मुलं, दोन मोठी माणसं. टोप्या मी स्वतः छापून आणल्या होत्या. डोळ्यांत खुपेल असा पिवळा रंग, पुढे नंबर, मागे नंबर आणि टाळूवरही नंबर, म्हणजे गर्दीत वरूनसुद्धा वाचता यावा. हातात पॅड, पॅडवर यादी. राधाचा नंबर चार.

मावशीने मुलांच्या डोक्यांकडे पाहिलं. "ह्यो काय बैलांचो बाजार?" असं म्हणाली आणि पिशवी काखेत मारून चालायला लागली.

मैदानावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. खाजा, मालवणी मसाला, कोंबडीवडे, सोलकढी, आणि एका कडेला सुक्या मासळीची रांग. मधोमध स्टेजवर दशावतार चालू होता. मावशीने स्टेजसमोरच्या सतरंजीवर जागा धरली, मुलांना बसवलं आणि सवयीने डाव्या चपला पिशवीत टाकल्या. मी तिला अडवलं नाही. म्हटलं, दोन्ही पद्धती चालू देत, फरक आपोआप दिसेल.

मी दर दहा मिनिटांनी मोजत होतो. नऊ. नऊ. नऊ. इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. मधे मुलांना खाजा घेऊन दिला, पाळण्यात बसवलं, परत आणलं. नऊ. साडेसातला निघायचं ठरलं तेव्हा मी सतरंजीच्या कडेला उभा राहून ओरडलो, "चला, टोपीवाल्यांनी रांगेत या." रांग लागली. मी एकेक नंबर वाचला आणि यादीवर टिक केली. एक, दोन, तीन, चार, पार नऊपर्यंत. पॅड बंद केलं.

"चला मावशी. सगळी आहेत."

मावशी एकेकाचं नाव घेऊन चपला परत करत होती. शेवटी पिशवीत हात घालून तिने एक निळी चप्पल बाहेर काढली. वर प्लास्टिकचं बदक.

"एक ऱ्हवली," ती म्हणाली.

"दुसऱ्या कुणाची तरी उचलली असेल तुम्ही. नऊ आणली होती, नऊ आहेत."

आकडा ऐकून तिने डोळे मिटले. मग उघडले. "सुबोध, ही तुझ्या चेडवाची चप्पल."

"छे. राधाची गुलाबी आहे."

"गुलाबी दिवाळीत फाटली. ही तुझ्या बायकोन नंतर घेतलेली."

"मावशी, राधावर मी आत्ता टिक केली आहे!" मी पॅड उघडून तिच्या नाकासमोर धरलं. "ही बघा. चार नंबर. ही रांगेत तिसऱ्या मुलाच्या मागे..."

तेवढ्यात आठ वर्षांची अक्षता म्हणाली, "काका, चार नंबर राधा आहे ना? पण हा तर मुलगा आहे."

मी चार नंबरची टोपी उचलली. खाली सहाएक वर्षांचा एक मुलगा होता. दोन्ही पायांत बूट. माझ्याकडे बघून छान हसला.

"तू कोण?"

"यज्ञेश."

"ही टोपी कुठून आणलीस?"

"तिने दिली. मी तिला अर्धा खाजा दिला."

"मग रांगेत कशाला उभा राहिलास?"

"तुम्हीच ओरडलात ना, टोपीवाल्यांनी रांगेत या."

त्या मैदानात हजारो माणसं होती, एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला फाटक सताड उघडं, आणि माझी मुलगी यांच्यामध्ये कुठेतरी एका चपलेवर होती. मी "राधा, राधा" असं ओरडत एकदा उजवीकडे धावलो, एकदा डावीकडे, आणि पुन्हा तिथेच आलो. माझ्या हातातलं पॅड मी अजून सोडलं नव्हतं.

मावशीने तोवर काय केलं असेल? उरलेल्या आठ पोरांच्या चपला पुन्हा काढून पिशवीत टाकल्या. यज्ञेशचा डावा बूटही काढला. सगळ्यांना सतरंजीवर बसवून पुढच्या दोन बायकांना म्हणाली, "ह्यांका उठूक देव नकात." मग ते बदक मुठीत धरून माझ्यासोबत हरवले-सापडलेच्या टेबलाशी आली.

टेबलावर एक तरुण स्वयंसेवक होता, गळ्यात बिल्ला, पुढ्यात छापील फॉर्म. माईक त्याच्या हातात. त्याने शांतपणे पेनाचं टोपण काढलं.

"वर्णन सांगा."

"राधा. पाच वर्षं. पिवळी टोपी, नंबर चार," मी म्हणालो. तोंडातून तेच आलं. मावशी "अरे, टोपी खय असा आता तिच्याकडे?" म्हणेपर्यंत त्याने माईकवर सांगूनही टाकलं, पिवळी टोपी घातलेले चार नंबरचे बालक कुणाला आढळल्यास कृपया टेबलाशी आणून सोडावे.

एका मिनिटात चार नंबरचे बालक आले. स्वतःच. एका बुटावर लंगडी घालत.

"मी आलो," यज्ञेश म्हणाला. "माझं नाव घेतलं ना?"

स्वयंसेवकाने त्याच्या डोक्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं आणि समाधानाने बरोबरची खूण केली. "चार नंबर सापडले आहेत. सही करा."

"अहो, ही माझी मुलगी नाही!"

"टोपी जुळतेय ना?"

"टोपी जुळतेय, पण हा मुलगा आहे!"

"साहेब, तुम्ही सांगितलेलं वर्णन मी लिहिलं. आता तुम्ही वर्णन बदलताय." त्याच्या आवाजात थोडा संशय आला. "बरं, दुसरा फॉर्म भरू. कपडे कुठले आहेत अंगावर?"

दुपारी चार वाजता मीच तिला दारात उभी करून डोक्यावर टोपी बसवली होती. ती घट्ट बसली की नाही हे दोनदा तपासलं होतं. टोपीच्या खाली काय होतं ते मला डोळ्यांसमोर आणताच येईना. दीप्तीला फोन करून विचारायची हिंमत नव्हती.

"जांभळो फ्रॉक," मावशी म्हणाली. "खिशार ससो. उजव्या ढोपरार खपली, बुधवारी घसरगुंडीवरसून पडला तेची. केसांका दोन क्लिपी, एक निळी, एक तांबडी, जोडी मिळाक नाय म्हणान. आणि डाव्या पायात काय नाय."

स्वयंसेवक लिहायला लागला. जांभळा, ससा, ढोपर म्हणजे गुडघा का? मावशीचा धीर संपला. ती वळली आणि सरळ स्टेजच्या पायऱ्या चढली.

स्टेजवर राक्षस राजाला धमकी देत होता. काळं तोंड, लाल जीभ, हातात तलवार. मावशी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "मेल्या, वायच थांब," ती म्हणाली, आणि चप्पल त्याच्या हातात दिली. काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. मृदंगवाला थांबला. राजाने मुकुट काढून घाम पुसला.

दशावतारातल्या माणसाला लिहिलेली वाक्यं नसतात, समोर येईल ते बोलायचं असतं. राक्षसाने चप्पल डोक्याच्या वर धरली आणि अशी गर्जना केली की पार मागच्या भज्यांच्या कढईपर्यंत गेली.

"ऐका प्रजाजनांनू! ह्या चपलेची जोड आणि त्या जोडीतला पोर, माका आत्ताच्या आत्ता व्हया! जांभळो फ्रॉक, खिशार ससो! सगळ्यांनी आपापल्या बाजूक खाली बघा! जो बघूचा नाय, तेचा मी रगात पितलंय!"

लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या. मग खरं काय ते ध्यानात आलं आणि अख्खं मैदान खाली वाकलं. वडे तळणारे वाकले, पोलीस वाकले, पाळण्यात बसलेले वरूनच वाकले. हजारो माणसं एकमेकांच्या पायांकडे बघत होती. आणि मी मधोमध ताठ उभा, कारण मला वाकलं की उठता येईल असं वाटत नव्हतं.

"हिकडं! हिकडं हाय!"

आवाज सुक्या मासळीच्या रांगेतून आला. मी माणसं ढकलत गेलो. खारदांड्याच्या सोनूबाई म्हणून एक बाई तिथे बोंबील, सोडे, जवळा मांडून बसल्या होत्या. त्यांच्या मागे उलट्या क्रेटवर राधा बसली होती. जांभळा फ्रॉक, खिशावर ससा. डाव्या पायाला थंडी वाजू नये म्हणून की घाण लागू नये म्हणून, बोंबलाची प्लास्टिकची पिशवी घोट्यापर्यंत बांधलेली. हातात उरलेला खाजा.

मी तिला उचलून घट्ट धरलं. बोंबलाचा असा वास आला की डोळ्यांत पाणीच आलं. वासाने नव्हे, हे कुणालाही कळलं असतं.

"शू लागली व्हती तिला," सोनूबाई म्हणाल्या. "एकटीच रडत चाल्ली व्हती. मीच नेली मागं. मंग बसवली हितं. म्हटलं, पायान एकच चप्पल हाय, म्हंजे दुसरी घेऊन कोनतरी शोधीत येनारच."

मावशी धापा टाकत मागून आली. राक्षसाकडून तिने चप्पल परत घेतली होती. राधाच्या पायाची पिशवी सोडली, पाय पदराने पुसला, चप्पल घातली, पट्टा लावला. मग ती तिथेच बोंबलांच्या शेजारी मातीत बसली आणि बराच वेळ उठली नाही. सोनूबाईंनी तिला पाणी दिलं.

यज्ञेशची आई मात्र खाज्याच्याच एका स्टॉलवर गिऱ्हाइकं सांभाळत होती. पोरगा टेबलाखाली झोपलाय असं ती समजून चालली होती. आम्ही तो नेऊन दिला तेव्हा तिने आधी टेबलाखाली वाकून पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं आणि त्याला एक धपाटा घातला, मग जवळ घेतलं. मावशीने त्याचा बूट परत केला. टोपी तो द्यायला तयार नव्हता. मी म्हटलं, ठेव.

घरी आम्ही चालतच निघालो. मावशी पुढे, तिच्यामागे पोरं, मी सगळ्यांच्या मागे राधाला कडेवर घेऊन. गल्लीच्या तोंडाशी मी म्हणालो, "मावशी, उद्याची नोटीस मी फाडून टाकतो. मीटिंगमध्ये काय झालं ते मीच सांगेन."

"फाड नायतर नको फाडू," ती मागे न बघता म्हणाली. "सोमवारी चेडवाक खाली धाड. आणि तेका स्वेटर घाल."

मला हायसं वाटलं. हायसं वाटल्यावर माणूस बाप होतो, तसा मीही झालो. राधाला जरा दटावून म्हटलं, "शू लागली होती तर मला सांगायचं ना गं! असं एकटीने जायचं असतं का?"

"सांगितलं मी."

"कधी?"

"मगाशी. तू रांगेत मोजत होतास ना, तेव्हा. मी तुझा शर्ट ओढला. दोनदा ओढला." तिचा आवाज रडका नव्हता, ती फक्त झालं ते सांगत होती. "तू म्हणालास, थांब गं बाळा, मधे येऊ नकोस, मुलं मोजतोय."

पुढे चालणारी मावशी क्षणभर थांबली. तिने ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार, आणि खाल्लं असतं तर बरं झालं असतं. पण ती पुन्हा चालायला लागली.

मी त्या वेळी चारच्या पुढे टिक करत असणार. तो ओढलेला शर्ट मी खूपदा आठवून पाहिला. मला अजूनही आठवत नाही.